अनुभवी शिक्षकांना प्रशिक्षणाची सक्ती कशासाठी?

प्रश्न : मी पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सेवेची 24 वर्षे पूर्ण झाल्यामुळे निवडश्रेणीचे, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीसाठीचे, प्रशिक्षण करावे लागले; त्याशिवाय दरवर्षी 50 तासांच्या प्रशिक्षणाचा तगादा आहेच. कालपरवा रुजू झालेल्या शिक्षकांसोबत आम्हीही त्याच चित्रफिती पाहायच्या. यातून माझ्यासारखीच्या पदरात नेमके काय पडते? – एक शिक्षिका, पुणे

उत्तर : आपला वैताग रास्त आहे, मात्र सक्तीच मुळात चुकीची आहे, असे मला वाटत नाही. 12 वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि 24 वर्षांनंतरची निवडश्रेणी यांची प्रशिक्षणे वेतनाशी जोडलेली असल्यामुळे तेथे शिकण्यापेक्षा प्रमाणपत्राला महत्त्व येते, आणि एकीकडे चित्रफीत चालू ठेवून दुसरीकडे वह्या तपासण्याचा प्रकार शिक्षकखोलीत कोणाला नवा नाही. 50 तासांची गोष्ट निराळी आहे. हा आकडा 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला असून, हे तास शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार असावेत, असेही त्याच परिच्छेदात म्हटले आहे. शाळेपर्यंत पोहोचताना त्यातले तास तेवढे टिकतात आणि आवड गळून पडते, अशी आपली तक्रार असेल तर मी आपल्या बाजूचा आहे.

काही बाबतींत मात्र अनुभवाचा उपयोग नसतो. आपण बी.एड. केले त्या काळी मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा 2012 चा पोक्सो कायदा नव्हता. अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो शिक्षकालाही लागू आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांची संख्या 7 वरून 21 वर नेली व विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा आकडेमोड शिकण्यातल्या अडचणीचा, त्यात समावेश केला. ज्या मुलाला आपण इतकी वर्षे ‘निष्काळजी’ असा शेरा देत आलो, ते मूल कदाचित याच गटातले असेल. या विषयांवर सर्वांना सक्ती हवी, ज्येष्ठांना तर आधी हवी.

अध्यापनाबाबत आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. 0.7 आणि 0.25 यांपैकी मोठी संख्या कोणती, असे विचारले की काही मुले 25 हे 7 पेक्षा मोठे म्हणून 0.25 लिहितात, ही चूक आपल्याला तोंडपाठ असेल. परंतु 0.7 लिहिणाऱ्यांतही काही जण असे असतात, ज्यांचा समज ‘दशांशचिन्हानंतर अंक कमी, तर संख्या मोठी’ असा असतो. त्यांना पूर्ण गुण मिळतात, वर्षानुवर्षे मिळत राहतात, आणि 0.7 व 0.85 ची तुलना करायला सांगेपर्यंत तो समज कोणाच्या लक्षात येत नाही. चुकलेली उत्तरे आपल्याला शिकवतात, बरोबर उत्तरे आपल्याला गाफील ठेवतात. ते गाफीलपण घालवायला दुसऱ्या शिक्षकाची नजर लागते, आणि ती चित्रफितीत मिळत नाही.

जपानमधील शाळांत काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुलांकडे पाहतात आणि नंतर त्यावर चर्चा होते. आपल्याकडे पाठनिरीक्षण म्हटले की गोपनीय अहवाल आठवतो, त्यामुळे कोणी मोकळेपणाने दार उघडत नाही. तरीही सहामाहीच्या उत्तरपत्रिका परत देण्यापूर्वी आपल्या शाळेतील गणिताच्या दोघा-तिघांनी एकच प्रश्न निवडून त्याची बरोबर उत्तरे एकत्र वाचून पाहावीत. त्याची नोंद ठेवावी आणि हे तास 50 तासांत धरावेत, अशी लेखी मागणी धोरणातील त्याच तरतुदीचा दाखला देऊन मुख्याध्यापकांमार्फत करावी. नवोदितांना या बैठकीत जरूर घ्यावे, 0.85 चा प्रश्न त्यांच्यापैकीच कोणीतरी आधी विचारण्याचा संभव आहे.