सिंहाची छाप आणि राणीछाप रुपये

जुन्या चांदीच्या भांड्यांबद्दल आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. बाकीच्यांची उत्तरेही यातच मिळतील, अशी आशा आहे.

आजोबा रेल्वेत होते. निवृत्तीच्या वेळी त्यांना साहेबाने दिलेली चहाची किटली आमच्याकडे आहे. तळाशी सिंह, जहाजाचा नांगर आणि एक अक्षर असे बारीक छाप आहेत. ओळखीचे सराफ म्हणतात, विलायती मुलामा असेल. खरे कसे कळणार? (मिरज)

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि किटली खिडकीपाशी न्या. सिंह चालतो आहे आणि पुढचा एक पंजा उचललेला आहे, असे स्पष्ट दिसले तर मुलाम्याची शंका सोडा. इंग्लंडमध्ये कस तपासून मारलेली ती स्टर्लिंगची खूण आहे: हजारात ९२५ भाग चांदी, उरलेले बहुधा तांबे. निव्वळ चांदी इतकी मऊ असते की रोजच्या हाताळणीत तिला पोचे पडतात, म्हणून हे तांबे.

नांगर ही बर्मिंगहॅमची खूण. लंडनची बिबट्याचे तोंड, शेफील्डची १९७४ पर्यंत मुकुट आणि त्यानंतर गुलाब. अक्षरावरून साल कळते, पण नुसते अक्षर पुरत नाही. तेच अक्षर वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा येते. दर फेरीत त्याचे वळण किंवा भोवतालच्या चौकटीचा आकार बदलतो. त्या त्या शहराच्या तक्त्याशी दोन्ही जुळवून पाहा. शेजारी व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असेल तर किटली १८९० च्या नंतरची नाही, कारण कर भरल्याची ती खूण त्या वर्षी बंद झाली.

झाकणही उलटे करून पाहा, त्यावरही छाप हवा. पुष्कळदा मूळ झाकण हरवते आणि दुसरेच बसवलेले असते.

फसगत होते ती ‘ईपीएनएस’ या अक्षरांमुळे. तीही अशाच छोट्या चौकटींत मारलेली असतात आणि लांबून अगदी चांदीच्या छापासारखी दिसतात. ते भांडे जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांचे. वर चांदीचा पातळ थर. तोटीचे टोक आणि तळाची कड बघा. मुलामा तिथे आधी झिजतो आणि आतली पिवळट-करडी धातू डोकावते.

आजीच्या लग्नातले पेले आणि तांब्या राणीछाप रुपये आटवून केले होते, असे सांगतात. दुकानात ‘टंच (म्हणजे चांदीचा कस) कमी आहे, मोडीत घाला आणि नवीन घ्या’ म्हणाले. काय करावे? (सातारा)

मोडीत घालू नका. निदान आधी हा हिशेब बघा.

राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, शेकडा ९१.७. असे शंभर रुपये आटवले तर १,१६६ ग्रॅम धातूत सुमारे १,०६९ ग्रॅम शुद्ध चांदी येते. तेवढ्याच वजनाच्या स्टर्लिंगमध्ये १,०७९ ग्रॅम असती. फरक फक्त दहा ग्रॅमचा! ज्याला विलायतेत सिंहाची छाप मिळे, त्याच्या अगदी जवळचा कस तुमच्या आजीच्या तांब्यात आहे.

एक मात्र तपासा. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. त्यानंतरच्या रुपयांतून भांडे घडवले असेल तर टंच खरोखरच कमी येईल. शिवाय तांब्याच्या गळ्याशी आणि बुडाशी सांधा जोडणारा डाक लावलेला असतो, त्याचा कस अंगच्या चांदीपेक्षा कमी. त्या जागी तपासले तर आकडा घसरतो. उलट, घडवताना तेजाबात टाकलेल्या भांड्याच्या पृष्ठभागावरचे तांबे निघून गेलेले असते, त्यामुळे नुसता वरवर वाचणारे यंत्र थोडा जास्तच कस दाखवू शकते. म्हणून दोन-तीन ठिकाणी तपासून घ्या. आणि मोडीत फक्त वजनाचे पैसे मिळतात, हातच्या घडणीचे शून्य. तसा ठोकून केलेला तांब्या आज घडवायला गेलात, तर घडणावळ ऐकून गप्प व्हाल.

अत्तरदाणी काळी पडते. आई रांगोळीने घासते, मी टूथपेस्टने. बरोबर काय? (ठाणे)

दोन्ही थांबवा. रांगोळी म्हणजे दगडाचा चुरा आणि टूथपेस्टमध्येही घासणारी पूड असते. आमच्या घरच्या गुलाबदाणीवर दोन मोर आहेत. एकाच्या पिसाऱ्यातली रेघ न् रेघ मोजता येते. दुसऱ्या बाजूला, जिथे दर दिवाळीला घासणाऱ्या हाताचा अंगठा जोर लावत असे, तिथे मोराचा नुसता फुगवटा उरला आहे. डोळा नाही, चोच नाही. ती नक्षी आता कोणीच परत आणू शकत नाही.

काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीचा झालेला संयोग. साध्या भांड्यासाठी पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, लिटरभर कढत पाणी आणि मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घाला, भांडे फॉइलला टेकेल असे बुडवा. गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी राहते. कुजक्या अंड्यासारखा वास आला की समजा, काम चालू आहे. पण अत्तरदाणीसारख्या नक्षीच्या वस्तूला हा उपाय करू नका. खोलगट भागातली काळी छटाही निघून जाते आणि त्या छटेमुळेच तर नक्षी उठून दिसते. तिला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती कापड पुरे. उंच भाग उजळू द्या, खोल भाग तसाच राहू द्या.

ठेवताना लोकर आणि रबर दूर ठेवा, दोन्हींत गंधक असते. चमच्यांच्या जुडीला रबरबँड लावला तर त्या जागी काळी रेघ उमटते, आणि ती काढणे फार कठीण जाते.

चांदीची वाटी रोज वापरली तर खराब होईल का? (नाशिक)

रोज वापरली तर कमी काळी पडते. हात फिरतो, धुणे होते. बाळाचे उष्टावण जरूर त्याच वाटीत करा. मीठ, लोणचे आणि अंडे मात्र त्यात ठेवू नका, मिठाने बारीक खड्डे पडतात. पोकळ मुठीच्या सुऱ्या कढत पाण्यात बुडवू नका, आतली राळ सुटते.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. पणजीचा करंडा आणि पंचपाळे इकडे आणायचे आहे. इथल्या जत्रेत स्टर्लिंगचे सहा चमचेही घेतले, त्यांवर दुसऱ्याच कोणाची आद्याक्षरे आहेत. ती बुजवून घेऊ का?

आधी करंडा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती घरचीच का असेना. वय शंभरच्या आत आहे अशी खात्री असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्या आणि मगच बॅगेत ठेवा. शंभर उलटली असतील तर भारतातच घरच्या कोणाकडे ठेवा आणि सणाला येऊन वापरा. ऐकायला वाईट वाटेल, पण विमानतळावर करंडा गमावण्यापेक्षा हे बरे.

आता चमचे. अक्षरे बुजवायची म्हणजे तेवढी चांदी कानशीने उतरवायची. चमचा तिथे पातळ होतो आणि वाकतो. उतरवलेली जागा लपतही नाही. थंड चमच्यावर हलकेच फुंकर घाला, वाफ धरली की खोडलेल्या अक्षराची आकृती पुष्कळदा दिसते.

आपल्याकडे तर भांड्यावर नाव घालण्याची केवढी जुनी रीत आहे! टिंबाटिंबांनी कोरलेले ‘मुंजीप्रीत्यर्थ, मामाकडून’ वाचले की ते भांडे कोणाचे, केव्हाचे, सगळे कळते. त्या चमच्यांवरची अक्षरेही कोणीतरी कोणासाठी तशीच कोरून घेतली आहेत. ती राहू द्या. दांड्याच्या मागच्या बाजूला, छाप सोडून जी जागा आहे, तिथे तुमचे नाव घालून घ्या, शक्यतो हाताने छिन्नी चालवणाऱ्याकडून. आणि नावाखाली सालही घालायला सांगा.