ती नाणी वाटू नकोस, खर्च कर

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

डब्याचा फोटो पाहिला. नकाशावाली दोन रुपयांची नाणी शंभरावर जमली आहेत, आणि आता ती छोट्या पाकिटांत घालून शाळेतल्या मुलांना वाटायची, म्हणजे त्यांनाही नाणी जमवायचा नाद लागेल, असं तुझं म्हणणं. हेतू चांगला आहे, पण मी हे करून बसलोय. दोन वर्षं पाकिटं वाटली. मुलं "थँक्यू काका" म्हणाली, पाकिटं दप्तरात गेली आणि विषय संपला. म्हणून सांगतो, ती नाणी बाजारात चालव, म्हणजे सुट्ट्यांत पोरांना ती आपोआप सापडतील.

मला नाद कसा लागला ते ऐक. वाण्याकडून साखर आणली, परत आलेल्या सुट्ट्यांत एक रुपया होता. १९८५ सालाखाली बारीकसं इंग्रजी 'एच' अक्षर. दुसऱ्या रुपयावर ते नव्हतं. वाण्याला विचारलं तर म्हणाला, "चालतोय ना? मग झालं!" घरातही कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्या टांकसाळींची नाणी पुरेनात म्हणून तेव्हा परदेशातून पाडून आणली होती आणि 'एच' म्हणजे बर्मिंगहॅमची हीटन टांकसाळ, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर "असं होय" म्हणून त्या रुपयाच्या गोळ्या घेतल्या असत्या. मधली सगळी वर्षं ते अक्षर डोक्यात कुरकुरत राहिलं, म्हणून आज हे पत्र लिहितोय.

अमेरिकेत हे मुद्दाम करतात. एप्रिलमध्ये तिथे नाणे-सप्ताह असतो, तेव्हा जुने संग्राहक आणि व्यापारी गव्हाच्या ओंब्यांचे सेंट, म्हणजे मागे ओंब्या असलेली एका सेंटची नाणी, दुकानांत खर्चून टाकतात. ते १९०९ ते १९५८ या काळातले, पण तिथे आजही चालतात. आपल्याकडे तशी मोकळीक नाही. पावली, म्हणजे पंचवीस पैसे, आणि तिच्याखालची सगळी नाणी ३० जून २०११पासून बाद झाली. ती दुकानदाराच्या गळ्यात मारणं म्हणजे फसवणूकच. ती हवी तर भाच्यांना दे. आठ आणे कायद्याने अजून चालतात, पण काउंटरवर हुज्जत होते आणि मागे रांग ताटकळते. नकोच ते.

तुझी दोन रुपयांची मात्र अगदी योग्य. हातात घेतल्याबरोबर वेगळी लागतात. बोट कडेवरून फिरवलं की कोपरे लागतात, मोजले तर अकरा भरतात. तांबं-निकेलची असल्यामुळे चुंबकाला चिकटत नाहीत, आताची स्टीलची टपकन चिकटतात. एवढं पोराला कुणी सांगावं लागत नाही. सालाखालच्या टांकसाळीच्या खुणेकडे मग तो आपणच वळतो: शंकरपाळ्यासारखा चौकोन मुंबईचा, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा, आणि खूणच नसेल तर कोलकाता. १९९९चं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं तुझ्याकडे तीनदा दिसतंय. त्यातलं सगळ्यात स्वच्छ ठेव, बाकीची दोन सोड.

आता कुठे सोडायची? देवळाच्या हुंडीत नको, तिथून ती थेट बँकेत जातात. बँकेत तर नकोच नको. जिथून सुट्टे परत पोरांच्या हातात येतात तिथेच: शाळेसमोरचं वह्या-पेनांचं दुकान, वडापावची गाडी, एसटीचा कंडक्टर. क्यूआर आल्यापासून मोठ्यांच्या हाताला नाणं लागत नाही, पण शाळेतल्या पोरांच्या मुठीत अजून असतं. एका गल्ल्यात एका वेळी एक-दोनच. दहा एकदम दिलीस तर दुकानदारालाच शंका येईल. दहा रुपयांच्या नाण्याचं काय झालं आठवतंय ना? रिझर्व्ह बँकेने २०१८मध्ये चौदाही प्रकार खरे आहेत म्हणून जाहीर केलं, तरी लोक ते हातात घेईनात. तुझं नाणं कुणी नाकारलं तर वाद घालू नकोस, दुसरं दे.

देण्याआधी चिंच-मीठ लावून घासू नकोस. (तुझ्या संग्रहातलीही नकोत, हे दर भेटीत सांगतो.) आणि नाणं दिल्यावर दुकानाबाहेर थांबून ते कुणाकडे जातं हे बघत बसू नकोस. मी एकदा थांबलो होतो. दुकानदाराने तेच नाणं मलाच परत दिलं.

एक धोका आहे. नाणं सापडलेलं पोर पहिल्यांदा मोबाइल उघडणार, आणि तिथे वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणारे बसलेत. आधी 'नोंदणीची फी' भरायची आणि मग वाट बघत बसायचं. रिझर्व्ह बँकेने २०२१मध्येच सांगितलंय की असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही. पोर तुझ्याकडे आलं तर हे आधी सांग, आणि नाण्याची खरी किंमत दोन रुपये आहे हेही. त्यानंतरही "पण हा ठिपका कसला?" असं विचारत थांबलं, तर त्याला घेऊन ये माझ्याकडे. भिंग आणि जुनं पुठ्ठ्याचं खोकं माळ्यावरून काढून ठेवतो.

डबा घेऊन रविवारी ये. खुणांप्रमाणे ढीग लावू, कुठला कुठे खर्चायचा ते ठरवू. येताना चुंबक आण, माझं फ्रिजवरचं हिने देवाच्या फोटोला वापरलंय.

तुझा,
काका