वाचकांचे प्रश्न : डोक्यावरची तार, रुळाशेजारची पट्टी

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगोत्सवाच्या, तोंडावर बडोद्याच्या वाचकांकडून रेल्वेच्या विजेबद्दल बरेच प्रश्न आले. त्यांतले काही निवडून इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुंबईला जाताना एसी डब्यात अचानक ब्लोअरचा आवाज थांबतो, काही दिवे जातात आणि थोड्या वेळाने सगळं पूर्ववत होतं. प्रवासात हे पाच-सहा वेळा होतं. हा बिघाड आहे का? पूर्वी असं होत नसे. (निजामपुरा)

उत्तर : बिघाड नाही. गाडी त्या वेळी न्यूट्रल सेक्शनखालून जात असते.

रेल्वेचं सबस्टेशन ग्रिडच्या तीन फेजपैकी दोनच घेतं आणि त्यांतून २५ हजार व्होल्टचा सिंगल फेज पुरवठा तारेत सोडतं. सगळ्या सबस्टेशनांनी त्याच दोन फेज घेतल्या, तर ग्रिडवरचा भार एका बाजूला कलेल. म्हणून आर, वाय आणि बी या तीन फेजपैकी एकाला आर-वाय, पुढच्याला वाय-बी, त्यापुढच्याला बी-आर अशी पाळी लावतात. आता शेजारच्या दोन सबस्टेशनांच्या तारा एकमेकींना जोडता येत नाहीत. १२० अंशांच्या फरकाने त्यांच्यात ४३ हजार व्होल्टपर्यंत दाब असतो. पेंटोग्राफने, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या टपावरच्या सांगाड्याने, दोन्ही तारा एकाच वेळी टेकवल्या, तर मोठा आर्क (विजेचा झोत) पेटून तार वितळू शकते. त्यामुळे दोघींच्या मध्ये विजेशिवायचा तुकडा ठेवतात. जुन्या पद्धतीचा तुकडा ४१ मीटरचा असतो. नव्या आखूड प्रकारात तारेतच इन्सुलेटर बसवलेले असतात.

त्याआधी ५०० मीटरवर आणि २५० मीटरवर इशाऱ्याच्या पाट्या असतात. लोको पायलट भार शून्यावर आणतो, इंजिनाचा मुख्य ब्रेकर (वीज तोडणारा स्विच) उघडतो, गाडी स्वतःच्या वेगावर तुकडा ओलांडते आणि पुढची पाटी आली की ब्रेकर पुन्हा लावतो. सबस्टेशनं साधारण ४० ते ५० किलोमीटरवर असतात, त्यामुळे वेगाच्या गाडीत हा अनुभव वीस-पंचवीस मिनिटांनी येणारच.

पूर्वी हे जाणवत नसे, कारण डब्यांची वीज इंजिनातून येत नव्हती. जुन्या डब्यांत आसावर चालणारा अल्टरनेटर आणि बॅटरी असे, राजधानीसारख्या गाड्यांत डिझेल जनरेटरचा डबा असे. आता एचओजी (हेड ऑन जनरेशन) पद्धतीत डब्यांची वीज इंजिनाच्या ट्रान्सफॉर्मरमधूनच घेतात. डब्ल्यूएपी-७ इंजिनात त्यासाठी ५०० केव्हीएचे दोन कन्व्हर्टर असतात. ब्रेकर उघडला की तेही थांबतात. बॅटरीवरचे दिवे चालू राहतात, एसी मात्र बंद पडतो. वीज परत आल्यावर सगळे कॉम्प्रेसर एकदम उठू नयेत म्हणून ते थोडे उशिरा सुरू होतात. ब्लोअर आला आणि गारवा मागाहून आला, तर काळजी करू नका. गारवा पंधरा मिनिटांत आला नाही, तर मात्र अटेंडंटला सांगा. ती न्यूट्रल सेक्शनची गोष्ट नव्हे.

प्रश्न : आमची गच्ची रेल्वेच्या कंपाउंडला लागून आहे. उत्तरायणात पतंग ओव्हरहेड तारेत अडकतात आणि मुलं दोरा ओढून सोडवतात. सुती दोऱ्यातून वीज येत नाही, हे खरं का? (प्रतापनगर)

उत्तर : कोरडा सुती दोरा घरच्या २३० व्होल्टला दाद देत नाही, हे बरोबर. इथे मात्र २५ हजार व्होल्ट आहेत. जानेवारीच्या पहाटेचं दव, बोटांचा घाम, मांजाची खळ आणि रंग यांनी दोरा ओलसर होतो. मग तो दोरा तार आणि माणूस यांच्यामधली वाट होतो. त्याच्या भरवशावर कुणीही राहू नये.

नायलॉनचा मांजा त्याहून वाईट. तो तुटत नाही, लोंबकळत राहतो. त्यावर धातूची पूड असेल तर तो थेट शॉर्टच करतो. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो बाजारात मिळतो.

सगळ्यांत घातक म्हणजे पतंग काढायला उचललेला लोखंडी पाइप किंवा ओला बांबू. जिवंत तारेपासून माणसाचं अंग आणि हातातली कुठलीही वस्तू २ मीटर दूर हवी, असा रेल्वेचा नियम आहे. या दाबाला स्पर्श लागत नाही, पुरेसं जवळ गेलं की हवेतूनच आर्क येतो. डब्याचं छप्पर साधारण ४ मीटर उंच, त्यावर उभा माणूस पावणेसहा मीटरपर्यंत पोचतो आणि तार साडेपाच मीटरवर असते. टपावर चढलेली मुलं का जळतात, ते या आकड्यांतच आहे.

मांजा इन्सुलेटरवर आडवा पडला की सबस्टेशनचा ब्रेकर क्षणात पडतो, मग एकदा आपोआप परत लागतो. दोष तसाच असेल तर पुन्हा पडतो. यामुळेच ‘तार गेली, आता हात लावू’ हा विचार जीवघेणा आहे. दुसऱ्यांदा पडल्यावर ट्रॅक्शन कंट्रोलर दुरून एकेक तुकडा वेगळा करत दोष शोधतो आणि तोवर गाड्या उभ्या राहतात. काढायला येणारे कर्मचारीसुद्धा वीज बंद झाल्याचं ऐकून हात घालत नाहीत. लेखी परवाना घेतात आणि कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉडने तार रुळाशी जोडतात. शेजारची लाइन चालू असेल तर बंद तारेतही प्रेरणेने, म्हणजे स्पर्श नसतानाही, मारक दाब येतो.

तुम्ही करायचं एवढंच. दोरा सोडून द्या, मुलांना मागे घ्या आणि स्टेशन मास्तरांना किंवा रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर जवळच्या मास्टचा (तार धरणाऱ्या खांबाचा) क्रमांक सांगा. तो क्रमांक मास्टवर रंगवलेला असतो. पतंग पाच-दहा रुपयांचा असतो, त्याच्यासाठी पोर गमावू नका.

प्रश्न : मकरपुऱ्याकडे मास्टच्या मागच्या बाजूला अलीकडे आणखी एक तार ओढली आहे. पेंटोग्राफ तिला लागत नाही. मग ती कशाला? (मकरपुरा)

उत्तर : वर्णनावरून ती दोन-गुणिले-पंचवीस केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) पद्धतीची फीडर तार आहे. सबस्टेशन ५० केव्ही देतं. त्याचा मध्यबिंदू रुळाला, एक टोक वरच्या तारेला, दुसरं फीडरला. गाडीला २५ केव्हीच मिळतात, पण विजेचा लांबचा प्रवास ५० केव्हीवर होत असल्याने तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो. दर १०-१५ किलोमीटरवर एक ऑटोट्रान्सफॉर्मर दोन्ही तारांमधला हिशेब जुळवून देतो. वेगवान आणि जड गाड्या एकामागून एक सोडायच्या तर हे लागतंच. समर्पित मालवाहतूक मार्गावरही हीच पद्धत आहे. तिथली तार साडेसात मीटरवर आहे, ती दुमजली कंटेनरसाठी.

फीडरला पेंटोग्राफ लागत नाही म्हणून ती थंड आहे असं समजू नका. जमिनीच्या तुलनेत तिच्यावरही २५ हजार व्होल्ट असतात.

प्रश्न : काही मास्टवर लोखंडी चकत्यांची माळ लटकते. उन्हाळ्यात ती खाली आलेली दिसते. निखळते आहे का? (वाघोडिया रोड)

उत्तर : नाही, ती तार ताणून धरते. तारेचा एक सलग भाग सुमारे दीड किलोमीटरचा असतो. तो मध्ये बांधलेला असल्याने प्रत्येक बाजूला ७५० मीटर. तापमान ४० अंशांनी वाढलं की तांबं तेवढ्या लांबीत सुमारे अर्धा मीटर वाढतं. तीनास एक कप्पीमुळे चकत्या दीड मीटर खाली येतात आणि ताण मात्र तोच राहतो. तार आणि तिला वरून तोलणारी कॅटेनरी तार मिळून हा ताण २००० किलो. त्यासाठी चकत्या साधारण ६६५ किलोंच्या लागतात. कप्पी गंजून अडकली तर उन्हाळ्यात तार लोंबते, पेंटोग्राफ उसळतो, ठिणग्या पडतात आणि कधी तो अडकून तार तोडतो. मे महिन्यात शेजारच्या सगळ्या माळा खाली आल्या आणि एकच वर राहिली, तर ती अडकली आहे. असं दिसलं तर स्टेशनवर नक्की कळवा.

प्रश्न : बडोद्याजवळच्या सावली गावातल्या कारखान्यातून मेट्रोचे डबे देशभर जातात. मग अहमदाबाद मेट्रोला रुळाशेजारची पट्टी आणि दिल्ली मेट्रोला वरची तार, असा फरक का? (दांडिया बाजार)

उत्तर : अहमदाबाद, बंगळुरू, कोची आणि इंदूरच्या मेट्रो ७५० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) थर्ड रेलवर, म्हणजे रुळाशेजारच्या पट्टीवर, चालतात. दिल्ली, नागपूर आणि पुण्यात २५ केव्ही एसी (दिशा बदलत राहणारी वीज) आहे. कारखान्यात डब्याचा सांगाडा तसाच राहतो, विजेचं सामान बदलतं.

हिशेब असा. गाडीला १.५ मेगावॉट हवेत. २५ केव्हीवर त्याला ६० अँपिअर पुरतात, ७५० व्होल्टवर २००० लागतात. एवढ्या प्रवाहाला बोटभर तार पुरत नाही, म्हणून जाड अॅल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर झीज सोसणारा स्टेनलेस स्टीलचा थर. दाब लवकर घसरतो म्हणून दर दोन-अडीच किलोमीटरला सबस्टेशन. बदल्यात वर काही नाही. बोगदा बुटका चालतो, उन्नत मार्गावर तारा दिसत नाहीत आणि डब्यात जड ट्रान्सफॉर्मर नको.

खोड मात्र दोन. ब्रेक लावताना तयार होणारी वीज एसीत ट्रान्सफॉर्मरमधून ग्रिडकडे जाते. डीसी सबस्टेशनचा डायोड तिला मागे सोडत नाही. जवळ दुसरी गाडी नसेल तर ती रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन संपते, अथवा वेगळा इन्व्हर्टर बसवावा लागतो. दुसरी अधिक गंभीर. परतीचा प्रवाह रुळांतून जातो आणि थोडा जमिनीत झिरपतो. तो सळईतून किंवा पाइपातून जिथे बाहेर पडतो, तिथे लोखंड विरघळतं. एक अँपिअर वर्षभर गळला तर सुमारे ९ किलो लोखंड जातं. म्हणून डीसी मेट्रोचे रूळ मुद्दाम जमिनीशी जोडत (अर्थिंग करत) नाहीत, खालची इन्सुलेटिंग पॅडं स्वच्छ ठेवतात आणि पाणी साचू देत नाहीत. लंडनच्या भुयारी रेल्वेने तर परतीसाठी चौथी पट्टीच टाकली आहे.

प्रश्न : मुलगी स्टुटगार्टला असते. तिथल्या रेल्वेची वीज ५० हर्ट्झची नाही, १६.७ हर्ट्झची आहे म्हणे. हे कशासाठी? (करेलीबाग)

उत्तर : शंभर वर्षांपूर्वीच्या एसी मोटरसाठी. त्या मोटरच्या कम्युटेटरवर (ब्रशमधून वीज घेणाऱ्या फिरत्या भागावर) ब्रशखालच्या कॉइलमध्ये फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात दाब निर्माण होई आणि ठिणग्यांनी ब्रश जळत. ५० च्या एक तृतीयांशावर ते आटोक्यात येई. १९१२ मध्ये प्रशिया, बव्हेरिया आणि बाडेन यांच्या रेल्वेंनी १५ केव्ही, १६⅔ हर्ट्झ ठरवलं. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन आणि नॉर्वेतही तेच आहे. आजच्या इंजिनांना फ्रिक्वेन्सीचं बंधन नाही, पण स्वतंत्र वीजकेंद्रं आणि वाहिन्या उभ्या झाल्यावर बदलायला कोण जातं? १९९५ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडने १६⅔ चं १६.७ केलं, तेही कारणाने. प्रमाण अचूक एक तृतीयांश जुळलं की ५० हर्ट्झच्या ग्रिडमधून रेल्वेला वीज देणाऱ्या फिरत्या कन्व्हर्टरच्या एकाच फेजचं वाइंडिंग तापत राही. प्रमाण किंचित सरकवल्यावर ती उष्णता तिन्ही फेजमध्ये वाटली जाते.

आपण हे टाळू शकलो, कारण १९५७ मध्ये फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने थेट २५ केव्ही, ५० हर्ट्झ निवडलं. त्याआधीची, १९२५ मध्ये सुरू झालेली मुंबईची १५०० व्होल्ट डीसी पद्धत पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेने २०१६ मध्ये सोडली.

प्रश्न : रस्त्यात विजेची पट्टी असलेली ट्राम खरंच आहे का? पाय पडला तर? (रावपुरा)

उत्तर : आहे, फ्रान्समधल्या बोर्दोला, २००३ पासून. जुन्या वस्तीत वर तारा नकोत म्हणून. पट्टी ८ मीटरचे विजेचे आणि ३ मीटरचे इन्सुलेटिंग असे तुकडे करून रस्त्यात बसवली आहे. ट्राम ज्या तुकड्यावर आली तेवढाच ७५० व्होल्टला जोडला जातो, तिच्या पुढचे-मागचे तुकडे बंद असतात. सुरुवातीला पाणी साचून बरेच बिघाड झाले, पुढे निचरा सुधारला. कोलकात्याची ट्राम मात्र अजूनही वरच्या तारेवर, ५५० व्होल्ट डीसीवरच.