पेनसिल्व्हेनियात मॉड्युलर घर घ्यायचं म्हणताय तर

मुलुंडचा फ्लॅट विकायचा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात आल्या आल्या प्लॉट घेऊन मॉड्युलर घर, म्हणजे कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडलेलं घर, मागवायचं, म्हणजे भाड्यात पैसे जाणार नाहीत आणि शाळा सुरू होईपर्यंत मुलगी नव्या घरात असेल. हे जमेल का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, क्रेडिट स्कोअर यांवर मी लिहीत नाही, ते सरकारी आणि बँकांच्या साइटवर आहे. आम्ही गिरगावातून इथे आलो आणि असंच घर घेतलं, म्हणून उरलेलं सांगते.

घर कच्चं असेल ही भीती आधी काढून टाका. इथले एजंटसुद्धा दोन गोष्टींची गल्लत करतात. मॅन्युफॅक्चर्ड घर, म्हणजे पूर्वीचं मोबाइल होम, अमेरिकी केंद्र सरकारच्या 'हड' या गृहनिर्माण खात्याच्या नियमांनी बनतं. ते नियम जून १९७६ पासून लागू आहेत. त्याच्या खाली कायमची पोलादी चासी असते आणि बाहेर प्रत्येक भागावर लाल पट्टी ठोकलेली असते. मॉड्युलर घराला मात्र जागेवर बांधलेल्या घराचेच बांधकाम नियम लागतात. भाग कारखान्यात तयार होतात, ट्रेलरवरून येतात आणि क्रेनने पक्क्या पायावर बसवले जातात. गृहकर्जही नेहमीचंच मिळतं. जमिनीशिवाय घेतलेल्या मॅन्युफॅक्चर्ड घराला बहुधा गाडीसारखं, वस्तू तारण ठेवून दिलेलं कर्ज मिळतं, त्याचं व्याज जास्त. ट्रेलरवरचा प्रवास आणि क्रेनने उचलणं सोसायचं असल्यामुळे मॉड्युलरचा सांगाडा उलट जास्त भक्कम करतात. आमच्या घरात आजवर एक दार अडकलेलं नाही.

पण कारखान्याचा भाव म्हणजे घराचा भाव नव्हे. जमीन, पाया, क्रेन, विजेची जोडणी, रस्त्यापासून दारापर्यंतची वाट, भाग जोडल्यावरचं फिनिशिंग, हे सगळं बहुतेक वेळा वेगळं. गावाबाहेरच्या स्वस्त प्लॉटवर पालिकेचं पाणी आणि गटार नसतं. मग बोअरवेल आणि सेप्टिक टँक आलेच. सेप्टिकसाठी मातीत पाणी किती वेगाने मुरतं ते तपासतात. माती नापास झाली तर साधा सेप्टिक चालत नाही आणि खर्च बराच वाढतो, म्हणून चाचणी पास झाल्याशिवाय प्लॉटचा सौदा पक्का करू नका. पेनसिल्व्हेनियात खासगी विहिरींना राज्याचे बांधकाम नियम नाहीत, पाणी तपासून घेणं तुमच्याच गळ्यात. वाटेत अरुंद वळण किंवा खाली लोंबणाऱ्या तारा असतील तर ट्रेलर पोहोचणार नाही, तेही बघा. काही वसाहतींच्या खरेदीखतात अशा घरांना बंदी असते, वकिलाकडून वाचून घ्या.

पैशांची एक मेख आहे. बँक जमिनीवर काम होईल तसे पैसे सोडते आणि कारखान्याला ते भाग निघताना किंवा पोहोचताच हवे असतात. मधली रक्कम कोण भरणार हे सहीआधी लेखी ठरवा. मुंबईत करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही आणि आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. इथे देशभर लागू असा रेरासारखा कायदा नाही.

आता तुमच्या 'शाळा सुरू होईपर्यंत'बद्दल. इकडे पाया ओततात तेव्हा तिकडे भाग बनत असतात, वेळ वाचतो तो एवढ्यापुरताच. परवानगी, वीज कंपनी आणि शेवटची तपासणी आपल्याच चालीने चालतात. आमचं घर पायावर उभं होतं, छप्पर होतं, बाथरूममध्ये आरसेसुद्धा होते, पण ओसी (राहायला जाण्याची परवानगी) नव्हती. सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंना मी खरेदीखत दाखवलं, कर्जाचे कागद दाखवले. "पण तुम्ही तिथे झोपत नाही ना?" एवढंच त्या म्हणाल्या. मग मुलगा भाड्याच्या घराजवळच्या शाळेत गेला आणि थोडी ओळख होते न होते तोवर, वर्षाच्या मध्येच, उचलून दुसऱ्या शाळेत.

त्यात प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता हा प्रश्न असतो. मी मराठी लिहिलं. गिरगावात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोराची इंग्रजीची परीक्षा घेतली. अनोळखी माणसासमोर तो गप्प बसला आणि त्याला रोज वर्गातून उठवून इंग्रजी शिकायला नेऊ लागले. इंग्रजीच लिहायला हवं होतं, असं नंतर इथल्या दोघीतिघींनी सांगितलं. मी आजही मराठीच लिहीन. पण पालकसभेत बाई "किती शांत मुलगा आहे" असं कौतुकाने म्हणाल्या, ते मला अजून खुपतं. बडबडीपायी वर्गाबाहेर उभा राहणारा मुलगा होता तो. आता विचारलं तर त्याला काही आठवत नाही म्हणतो. मी विचारणं थांबवलेलं नाही, हे त्याला आवडत नाही.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. हिवाळ्यात जास्त. गाडी शिकून घ्या.

आईबाबांना आणण्याचा विचार असेल तर खालच्या मजल्यावर एक खोली आणि पूर्ण बाथरूम नकाशातच घाला, कारखान्यात काम सुरू झाल्यावर बदल होत नाहीत. आम्ही घातली. आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली आहे आणि बाबा संक्रमण शिबिरात आहेत. आपण नसताना ताबा मिळाला तर, म्हणून ते निघत नाहीत. आमचं घर होत होतं तेव्हा मात्र तिथून रोज फोन करून विचारायचे, "ओसी आली का?" त्या खोलीत सध्या इस्त्रीचं टेबल आहे. हे घर मला आवडतं का, याचं उत्तर मी नवऱ्याला एक देते, बाबांना दुसरं, आणि दोन्ही खरी आहेत.

तेव्हा पहिलं वर्ष भाड्याने राहा, पण जिथे प्लॉट घ्यायचा त्याच शाळेच्या हद्दीत, थोडं महाग पडलं तरी. इथल्या मालमत्ता करातला मोठा वाटा शाळेचाच असतो, म्हणून करही त्याच वेळी बघून ठेवा. मुलगी कितवीत आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते कळवा, आणि प्लॉट कोणत्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बघताय तेही.