तीच तार, तेच पाणी, मग बॅच वेगळी का?

प्रश्न : मी घरी कोलायडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेलं पाणी, बनवतोय. चांदीच्या दोन तारा, अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, दरवेळी घड्याळ लावून अर्धा तास. पहिली बॅच एकदम क्लिअर आली, दुसरी पिवळसर, आणि तिसरी चक्क राखाडी, तळाला काळा गाळ. टीडीएस मीटर (पाण्यात किती विरघळलंय ते दाखवणारा) कधी ६ दाखवतो कधी १४. काय चुकतंय? सासूबाई रोज अर्धा कप घेतात, त्यांची थायरॉइडची गोळी चालू आहे, चालेल ना?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो कारण बाकी सगळं थांबू शकतं. नाही चालणार. चांदी थायरॉक्सिन (थायरॉइडच्या गोळीतलं औषध) आणि काही अँटिबायोटिक्स नीट शोषू देत नाही. शिवाय अर्धा कप म्हणजे समजा १०० मिली, बॅच १० पीपीएमची (लिटरला १० मिलिग्रॅम चांदी) धरली तर १ मिलिग्रॅम चांदी रोज पोटात, आणि अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेची रोजची मर्यादा ६० किलोच्या माणसाला ०.३ मिलिग्रॅम आहे. जास्तीची चांदी कातडीत साठते, कातडी निळी-राखाडी होते आणि परत गोरी होत नाही. अमेरिकेतला पॉल कॅरासन घरीच बनवून वर्षानुवर्षं प्यायचा, त्याचा निळा चेहरा टीव्हीवर लोकांनी पाहिलाय. आणि प्यायल्याने कुठला आजार बरा होतो याला पुरावा नाही, एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) १९९९ मध्येच तसं जाहीर केलंय.

आता बॅचचं. तुमचा घोळ घड्याळात आहे. डिस्टिल्ड पाण्यातून सुरुवातीला करंट जवळजवळ जातच नाही, पण चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटायला लागले की पाणी वाहक होतं, करंट वाढतो, तो वाढला की आयन अजून सुटतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत गाडी उताराला लागते. तारांमधलं अंतर, पाण्याचं तापमान, तार किती बुडालीये, यातलं काहीही थोडं बदललं की तोच अर्धा तास वेगळी बॅच देतो. त्या शेवटच्या दहा मिनिटांत निगेटिव्ह तारेकडे बघा, राखाडी दाढी फुटलेली दिसेल, ती सुटून पडते तोच तुमचा गाळ.

म्हणून मिनिटं नाही, मिलीअँप मोजा. १ मिलीअँप एक तास गेला की साधारण ४ मिलिग्रॅम चांदी तारेतून सुटते, अर्ध्या लिटरला ८ पीपीएम, आणि हा सुद्धा वरचा आकडा कारण काही तारेवर चिकटते, काही खाली बसते. करंट एका आकड्यावर बांधून ठेवणारं साधं सर्किट मिळतं ते लावा आणि पाणी हळू ढवळत ठेवा, अर्धी कटकट तिथेच संपेल.

टीडीएस मीटरवर फार विसंबू नका, तो फक्त वाहकता बघतो, म्हणजे आयन. चांदीचे कण त्याला दिसतच नाहीत, आणि घरच्या बॅचमध्ये बहुतेक चांदी आयनच असते. कण आहेत का ते बघायचं तर अंधारात लेझर टाका, पाण्यातून रेघ दिसली तर आहेत. पिवळा रंग हा बारीक कणांचा, त्यात बिघडलं काही नाही. राखाडी आणि गढूळ म्हणजे कण मोठे होऊन गोळे झाले.

तार ९९९९ ची, म्हणजे ९९.९९ टक्के शुद्ध चांदीची हवी. दागिन्याची ९२५ वापरली तर तांबं पण पाण्यात उतरतं. आणि करंट लवकर चढावा म्हणून कुणी चिमूटभर मीठ टाकायला सांगितलं तर हसून सोडून द्या, मिठाने सिल्व्हर क्लोराईड होतं. मी एकदा आळसात नळाचं पाणी घेतलं होतं, पाचेक मिनिटांत तारेखाली पांढरे धुरासारखे लोट, उजेडात ठेवलं तर ते पण जांभळट-काळं पडलं.

ती राखाडी बॅच गाळून वाचवत बसू नका, फेकाच, फक्त फिश टँकच्या आसपास नको, माशांना चांदी फार वाईट बाधते.