मुलं ४ आणि ८ वर्षांची आहेत. परदेश आत्ताच करावा की मोठी झाल्यावर? तोवर जवळपास कुठे न्यावं?

दोन्ही करा. आधी कोकणातलं वेळास गाव, मग मॉरिशस. ही दोनच नावं का, ते सांगतो.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात राहता, मुलगी आठची, मुलगा चारचा, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, "एवढ्याशा पोरांना काय लक्षात राहणार? पैसे पाण्यात." आमच्याही घरी हेच ऐकलंय. मला हे म्हणणं मुळातच पटत नाही. आजीने भरवलेला वरणभात चार वर्षांच्या पोराला पुढे आठवणार नाही, म्हणून आजी भरवायची थांबत नाही. प्रवासात मूल अनोळखी माणसाशी बोलायला शिकतं, वेगळं जेवतं, वेगळ्या अंथरुणावर झोपतं, कंटाळा आला तरी तग धरतं. हे अंगात मुरतं, आठवण राहो न राहो.

मात्र एक गोष्ट पाळा, कोकणात असो की परदेशात: मुक्काम एकच ठेवा. रोज बॅगा भरायच्या, रोज नवं हॉटेल, सकाळी सातला बस, "सात दिवसांत पाच शहरं", असली सहल लहान मुलांबरोबर करूच नका. दुसऱ्या दिवसापासून मूल चिडचिडं होतं आणि तिसऱ्या दिवशी आईबाप. एका जागी राहा, सकाळी एक गोष्ट बघा, दुपारी झोपू द्या, संध्याकाळ मोकळी सोडा. दोन-तीन दिवसांत ती जागा मुलांची होते. शेजारचं कुत्रं ओळखीचं होतं, दुकानवाले काका नावाने हाक मारतात. मोठ्यांना वाटतं आपण काही पाहिलंच नाही, आणि मुलं घरी येऊन आठवडाभर त्याच जागेबद्दल बोलत राहतात.

आता वेळास. मंडणगड तालुका, जिल्हा रत्नागिरी. नकाशावर तालुका बघून घ्या, कारण श्रीवर्धनकडेही याच नावाशी मिळतंजुळतं गाव आहे. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ही अंडी चोरीला जायची, कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी पडायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास इथे काम सुरू केलं आणि गाव त्यात उतरलं. अंडी सापडली की ती जाळीच्या कुंपणात, तसाच खड्डा करून पुरतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा पिल्लांचा काळ. सकाळी आणि संध्याकाळी खड्ड्यावरची टोपली उचलून बघतात, पिल्लं आली असतील तर ती किनाऱ्यावर सोडतात. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, हात लावायचा नाही.

मुलांना आधीच सांगून ठेवा की टोपलीखाली काहीच नसण्याची शक्यताही आहे. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर भोकाड ठरलेलं. पण पिल्लू निघालं तर काय दिसतं ते लिहितो. तळहाताच्या मध्यावर मावेल एवढं काळपट पिल्लू. चारी वल्ही एका तालात मारत नाही, आधी भलतीकडे तोंड करतं, मग उजेड आणि ओली वाळू हेरून पाण्याकडे वळतं. पहिली लाट त्याला उचलून हातभर मागे फेकते. ते उताणं पडतं, सरळ होतं, पुन्हा निघतं. दुसरी लाट पुन्हा मागे. त्या वेळी दोरीमागची सगळी पोरं एकदम ओरडायला लागतात, "जा, जा, जा!" ओळख ना पाळख, पण सगळ्यांचं एकच. टीव्हीवर कितीही दाखवा, हे होत नाही.

राहायची सोय गावातल्या घरांमध्ये होते. अंगणात पंगत, सोलकढी, कुळथाचं पिठलं, आधी सांगितलं तर उकडीचे मोदक. चकचकीत हॉटेलची अपेक्षा ठेवू नका. शनिवार-रविवारी गर्दी फार होते, तेव्हा जमलं तर मधल्या वारी जा. मुलीची परीक्षा मार्चमध्ये असेल तर फेब्रुवारी बरा, एप्रिलमध्ये दुपारचा उकाडा मुलांना सोसत नाही.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बागमांडला आणि तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून वेश्वी. या बोटीला तिकडे जंगलजेटी म्हणतात. गाडीसकट माणसं चढतात, आणि चार वर्षांच्या मुलासाठी हाच अर्धा प्रवास वसूल. घाटात उलटीचा त्रास असेल तर निघताना पोटभर खायला घालू नका, उपाशीही ठेवू नका. वळणांवर मोबाइल अजिबात देऊ नका, बघायला खिडकीबाहेर लावा. कपड्यांचा एक जोड डिकीत नको, हाताशी ठेवा. आणि आजी-आजोबांना सोबत न्या. विरोध तिथेच निम्मा होईल.

कोकणात पोहण्याबद्दल मात्र कडक राहा. आपला किनारा उघडा आहे, ओहोटीला पाणी आत ओढतं. घोट्याएवढ्या पाण्यापुढे मूल जाऊ देऊ नका, तेही हात धरूनच.

याच कारणाने पहिला परदेश म्हणून मी मॉरिशस सांगतो. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे. लाटा बाहेरच फुटतात आणि आतलं पाणी उथळ, शांत राहतं. फ्लिक-एन-फ्लाकसारख्या किनाऱ्यावर मुलं सकाळभर पाण्यात बसू शकतात. पायात रबरी बूट हवेत, कारण तळाशी सागरी साळू, म्हणजे काटेरी गोळे असतात. भिंतीला जिथे खिंड आहे तिथे ओढ असते, आणि दक्षिणेला ग्री-ग्रीसारख्या जागी भिंतच नाही. तिथे फक्त कड्यावरून लाटा बघायच्या. म्हणजे नियम तिथेही आहेत, पण मुलांना "पाण्यात जाऊ नको" हे दिवसभर सांगावं लागत नाही.

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचं. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, त्यामुळे मुलांची झोप मोडत नाही, उलट पहाटेच टुणकन उठतात. उठू द्या, त्या वेळी किनारा रिकामा असतो. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा चघळायला किंवा घोट घोट प्यायला द्या आणि झोपलं असेल तर उठवा. मे महिन्याची सुट्टी इथे छान बसते: तिकडे हिवाळा सुरू होत असतो, वादळांचा हंगाम सरत आलेला असतो. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग जवळ लागतं. निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर नियम पुन्हा बघा.

जेवणाची काळजी सोडा. रस्त्यावर ढोल पुरी मिळते, वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, सोबत रस्सा आणि चटणी. तिखट वगळून सांगा, मुलं खातात. पांपलमूसच्या बागेत परातीपेक्षा मोठी कमळाची पानं आहेत. राजधानी पोर्ट लुईच्या निसर्ग संग्रहालयात डोडोचा सांगाडा आहे. आणि तिथेच जवळ आप्रवासी घाट.

हा घाट चुकवू नका. १८३४ पासून इथे हिंदुस्थानातून करारावर आणलेले मजूर उतरले, ऊस तोडायला. जागा जागतिक वारसा यादीत आहे, २००६ पासून. बोटीतून उतरलेली माणसं ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून आली, त्या आजही तशाच आहेत. आमच्या मुलीने त्या मोजल्या, मग विचारलं, "बाबा, त्यांची बॅग केवढी होती?" मला तो सगळ्यात चांगला प्रश्न वाटला, आणि तिथल्या संग्रहालयात त्या माणसांच्या गाठोड्यातल्या, घरातल्या वस्तू बघून तिला थोडं उत्तर मिळालं. त्या मजुरांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि गणपतीपुढे नाचायचा झाकरी हा प्रकार कोकणातल्या जाखडीचाच नातेवाईक. वेळास आधी करा म्हणतो त्यामागे हेही आहे. मुलांनी कोकणातलं घर, अंगण, खाडी पाहिलेली असेल, तर "इथून माणसं तिकडे गेली" या वाक्याला त्यांच्या डोक्यात चित्र असतं.

खर्च झेपत नसेल तर कर्ज काढून जाऊ नका. मालवणचा सिंधुदुर्ग घ्या. होडीतून किल्ला, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. आठ वर्षांच्या मुलीला हे कोडं दिवसभर पुरेल. पावसाळ्यात होड्या बंद असतात, एवढं ध्यानात असू द्या.

मॉरिशस ठरवत असाल तर पासपोर्टचं काम आजच काढा. मुलांच्या जन्मदाखल्यावर त्यांचं नाव चढलंय का आणि आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग तुमच्या पासपोर्टशी जुळतं का, ते पहिल्यांदा तपासा. बऱ्याच जणांची गाडी इथेच अडते आणि महानगरपालिकेतली दुरुस्ती वेळ खाते. अर्जाला दोघा पालकांच्या सहीचं परिशिष्ट ड लागतं. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, म्हणून तो काढून कपाटात ठेवू नका, पुढच्या मे महिन्याची तिकिटं बघायला घ्या.