आठवीच्या मुलांना कार्बनचक्र कसं शिकवावं?
बाणांची आकृती नंतर काढा, आधी चुन्याची निवळी घ्या. मुलांना नळीने तिच्यात हळूच फुंकायला सांगा (ओढायचं नाही, हे आधीच बजावा). निवळी दुधाळ होते: श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचं कॅल्शियम कार्बोनेट झालं, शिंपल्यात असतं तेच. आणखी फुंकत राहिलं की हे कार्बोनेट विरघळतं आणि निवळी पुन्हा स्वच्छ होऊ लागते. पावसाच्या पाण्याने चुनखडक असाच झिजतो.

मग विचारा, श्वासात हा कार्बन आला कुठून? भाकरीतून. आणि ज्वारीत? बरीच मुलं ‘मातीतून’ म्हणतात. तिथे घाई करू नका, वाद होऊ द्या. ज्वारीने तो हवेतून घेतला, हे पटणं सगळ्यांत महत्त्वाचं. कोळसा शेवटी: कोट्यवधी वर्षं गाडलेला कार्बन आपण जाळला, म्हणून हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण २८० वरून ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) वर गेलं.